विमान ओझरचे, इंजिन कुणाचे?

संपादक महोदय,

ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी कंपनीच्या कारखान्यात तयार झालेले पहिले 'तेजस मार्क-१ए' लढाऊ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत उडाले. तेव्हापासून आमच्या निफाड तालुक्यात ज्याला-त्याला या विषयावर काही ना काही सांगायचे असते. कुणाचा पुतण्या तिथे अ‍ॅप्रेंटिस आहे, कुणाचे सासरे मिगच्या लाइनवरून निवृत्त झालेत. आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई आणि आता तेजस, म्हणजे तिसरी पिढी तिथे विमाने जोडते आहे. अभिमान वाटणारच, मलाही वाटला. मात्र समारंभाच्या बातम्यांत एक साधी गोष्ट जाता जाता सांगून टाकली गेली, तिच्याबद्दल हे पत्र आहे. विमान ओझरचे, पण त्याचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक (जीई) कंपनीचे.

याचा हिशेब नीट मांडायला हवा. ८३ तेजस मार्क-१एचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एचएएलने ५,३७५ कोटी रुपयांची ९९ एफ-४०४ इंजिने मागवली. पहिले विमान हवाई दलाला मार्च २०२४ मध्ये मिळायचे होते. प्रत्यक्षात त्या ९९ पैकी पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये निघाले. या प्रकारच्या इंजिनाचे उत्पादन आधीच्या ऑर्डरी संपून काही वर्षे थंड पडलेले. ते पुन्हा सुरू करताना जीईच्या पुरवठादारांची साखळी विस्कटली, आणि इकडे सांगाडे तयार होऊन हँगरमध्ये उभे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या 'एअरो इंडिया'त हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी एचएएलवर आपला भरवसा राहिलेला नाही, असे तोंडावर ऐकवले. एचएएलला इंजिनाचे आयते कारण मिळाले हेही खरे. रडार, सॉफ्टवेअर, क्षेपणास्त्रांच्या चाचण्या यांची रखडपट्टी काही जीईने केलेली नाही.

दरम्यान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झाले. १९६३ पासूनची सेवा संपली आणि हवाई दलाच्या लढाऊ तुकड्या २९ वर आल्या. मंजूर संख्या आहे ४२. एका तुकडीत साधारण १६ ते १८ विमाने धरली, तर तूट दोनशेच्या पुढे जाते. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला पाकिस्तान, दोन आघाड्यांवर लढायची तयारी असे आपण सतत म्हणत असतो; मग ही तूट कशाने भरायची? मिग निवृत्त व्हायच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये जीईकडे आणखी ११३ इंजिनांची मागणी गेली. तूट भरायचा वेग आपण पुन्हा एकदा परदेशी कारखान्याच्या वेळापत्रकाला बांधून घेतला आहे.

मी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेड शिकवत असे. जेट इंजिन बनवण्याचा अनुभव मला अर्थातच नाही. पण इंजिनाच्या गरम भागात जी निकेलची मिश्रधातू लागते, तिच्या जातीचा इनकोनेलचा जॉब मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्निंगला लावलेला पाहिला आहे. माइल्ड स्टीलवर हात बसलेली आमची पोरे नवीन मटेरियल म्हणून जपून, फीड, म्हणजे टूल पुढे सरकवण्याचा वेग, अगदी कमी ठेवून काम करायची. इथे नेमके तेच नडते. टूल कापायच्या ऐवजी घासू लागले की पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढच्या कटला कार्बाइडची टीप उडते. उष्णता चिपबरोबर निघून जात नाही, टूलच्या टोकावरच साचते. स्टीलवर दिवसभर चालणारा इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टीप, तिथे थोड्या वेळात बदलावा लागतो. हे झाले नुसते बाहेरून कातणे. टर्बाइनच्या पात्यावरून जाणारा वायू त्या पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. पाते टिकते ते एकाच स्फटिकाचे ओतलेले असते म्हणून, आतून केसाएवढ्या वाटांनी हवा खेळवलेली असते म्हणून आणि वर सिरॅमिकचा लेप असतो म्हणून. ही विद्या नकाशावरून येत नाही. शेकडो पाती वाया घालवल्यावर हाताला येते, आणि ती वाया घालवायला सरकारची तयारी लागते.

ती तयारी आपण कधी दाखवली? तेजससाठी आखलेल्या स्वदेशी 'कावेरी' इंजिनाला १९८९ मध्ये ३८३ कोटींची मंजुरी मिळाली, पुढे ती २,८३९ कोटींवर गेली. कॅगने ताशेरे ओढले, टिंगल झाली आणि २००८ मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे काढले गेले. ८१ किलोन्यूटन रेटा (विमान पुढे ढकलणारे बल) हवा होता, तेवढा निघाला नाही आणि वजनही जास्त भरले. अपयश आहेच, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण वीस वर्षांत मंजूर केलेल्या त्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट किंमत आपण ९९ तयार इंजिनांच्या एकाच ऑर्डरीत मोजली, तेव्हा मात्र कुणाची भुवई वर गेली नाही. आणि कावेरी उंचीवर कसे चालते हे पाहायला ते रशियात न्यावे लागले. २०१० मध्ये मॉस्कोजवळ आयएल-७६ विमानाला टांगून त्याची चाचणी झाली, कारण तशी सोय आपल्याकडे नव्हती. चाचणीसाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळत बसणाऱ्याने इंजिन वेळेत कसे पूर्ण करायचे?

या दुखण्याचे मूळ कावेरीहूनही जुने आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांनी बेंगळुरूत आखलेले 'मरुत' हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडाले. त्याची बांधणी ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठी होती. ज्या ब्रिटिश इंजिनावर भिस्त होती, त्याची ब्रिटिशांना गरज उरली नाही. त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलायला नकार दिला आणि मरुतला कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर जन्म काढावा लागला. तरीही १९७१ मध्ये लोंगेवालाच्या भागात त्याने काम केले, हे वैमानिकांचे कर्तृत्व. मग १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि तिथे तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत पाठवले. तेव्हाचे घाव आज विसरलो आहोत, कारण सध्या वॉशिंग्टनशी बरे चालले आहे. बरे चालले आहे की नाही, हे तरी दर सहा महिन्यांनी बदलते.

चीननेही दीर्घकाळ जे-१० आणि जे-२० या लढाऊ विमानांमध्ये रशियन इंजिनेच बसवली. त्यांच्या स्वतःच्या डब्ल्यूएस-१० इंजिनावरही आरंभी हसले गेले. पण त्यांनी ते सोडून न देता पैसा ओतत ठेवला आणि आता स्वतःची इंजिने बसवली. पाकिस्तानचे जेएफ-१७ लढाऊ विमान मात्र आजही रशियन इंजिनावर उडते. आपल्याला कुणाच्या रांगेत उभे राहायचे आहे, ते ठरवावे.

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी स्वदेशी जेट इंजिनाचे आवाहन केले. पुढे पाचव्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर इंजिन विकसित करण्याचे जाहीर झाले. जीईचे आणखी ताकदवान एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्याची घोषणा तर जून २०२३ चीच आहे. त्यात ८० टक्क्यांपर्यंत तंत्रज्ञान हस्तांतरण मिळेल असे सांगितले गेले. उरलेले २० टक्के कोणते, हे कुणी विचारत नाही. सुखोईचे ए-एल ३१ इंजिन आपण ओडिशात कोरापुटला वर्षानुवर्षे बनवले, तरी त्यातून आपले नवे इंजिन जन्मले नाही. परवान्यावर बनवणारा कारागीर हुशार होतो. ड्रॉइंगमधली एखादी रेघ बदलायची परवानगी मात्र त्याला नसते, आणि ती का मारली हेही त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हा नाशिकच्या खासदारांना माझी विनंती अशी की, संसदेत दोनच प्रश्न लावून धरावेत. इंजिनाची उंचीवरची चाचणी घेणारी सोय देशात कोणत्या वर्षी उभी राहणार, आणि तिच्यासाठी या अर्थसंकल्पात किती रक्कम आहे? साफ्रानबरोबरच्या इंजिनात गरम भागातल्या पात्यांचे ओतकाम आणि लेप भारतात होणार की तिकडूनच येणार? उत्तर गोलमोल आले तर तेही छापावे. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपनाही यात घेता येईल. निकेल मिश्रधातू कातणारे दहा-वीस चांगले कारागीर आजही तिथे आहेत. पण त्यांना मिळणारे काम तुटक आणि कर्जाचे हप्ते मात्र नियमित, म्हणून ते पुन्हा ऑटो पार्टकडे वळतात. पाच वर्षांची हमी असलेली ऑर्डर दिली, तर ते मशीन घेतील आणि पोरेही शिकवतील. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या धातूंवरचे प्रात्यक्षिक घालायला तर संरक्षण खात्याची वाट पाहण्याचीही गरज नाही, राज्याच्या पातळीवर ते पुढच्या सत्रापासून होऊ शकते.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मशिनिस्ट),
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक