नीलगिरीचे दोनच थेंब

महोदय,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की घराघरांत माळे आणि फडताळे उपसली जातात. पावसाळाभर साचलेली बुरशी, धूळ नाकात जाते, गाल जड होतात, कपाळ ठणकते आणि नीलगिरी तेलाची बाटली बाहेर निघते. तेलाला विरोध नाही, पण ते वापरण्याची रीत बहुतेक घरांत चुकते.

उकळत्या टोपात अर्धे बूच तेल ओतून वर चादर घेतात. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते आणि पहिल्याच वाफेबरोबर भसकन उडते. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याची छाती आवळते. त्यापेक्षा लिटरभर पाणी उकळून उतरवा, पाच मिनिटे थांबा, टोप टेबलावर पक्का ठेवा (मांडीवर किंवा खाटेवर कधीच नको) आणि मग दोनच थेंब टाका. डोळे मिटून, वीतभर अंतरावरून पाच-सात मिनिटे वाफ घ्या. तेल थेट नाकपुडीत मात्र घालू नये.

नीलगिरीचा किंवा मेंथॉलचा (पुदिन्याच्या अर्काचा) थंडावा फसवा असतो. तो थंडी जाणणाऱ्या नसा चेतवतो, त्यामुळे नाक उघडल्यासारखे वाटते. आतली सूज तेवढीच राहते. म्हणून दर तासाला वाफारा घेऊन काही साधत नाही.

खरा उपयोग मिठाच्या पाण्याचा. अर्धा लिटर पाणी मिनिटभर खळखळ उकळून कोमट होऊ द्या, त्यात आयोडीन नसलेले बारीक मीठ एक सपाट चहाचा चमचा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मीठ कमी पडले तर नाक झोंबते. खडे मीठ चमच्यात कमी बसते, शिवाय त्यात माती असते. जलनेतीच्या (नाक धुण्याच्या) भांड्याने, मान पुढे वाकवून तिरकी करून, तोंडाने श्वास घेत एका नाकपुडीत पाणी सोडा. नंतर जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे सरकते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी न उकळता नाकात घालू नका. त्यातला अमिबा क्वचितच, पण मेंदूपर्यंत पोचतो आणि तो आजार बहुधा जीवघेणा ठरतो.

दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाशी किंवा छातीला नीलगिरी, कापूर, मेंथॉल लावू नये. श्वास अडकू शकतो. बाटली उंच, कुलपात ठेवा. मुलाने चमचाभर तेल गिळले तरी गुंगी आणि झटके येऊ शकतात. उलटी काढू नका, तेल फुप्फुसात जाते. लगेच १०८ ला फोन करा.

दहा दिवसांत उतार पडला नाही, किंवा डोळ्याभोवती सूज आली, तर वाफारा थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. डोळ्याची सूज असेल तर त्याच दिवशी.

– एक वाचक, फोंडा