भंगारातला ताजमहाल

संपादक महोदय,

दिल्लीत सराय काले खानजवळ ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान आहे. सुमारे दीडशे टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तिथे उभ्या केल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. लांबून ताजमहाल ताजमहालच वाटतो. जवळ गेल्यावर सायकलच्या रिंगा, विजेच्या खांबांचे पाइप, बागेतले मोडके बाक ओळखू येतात. खरी मजा तीच! पोरं तर ‘हे कशाचं असेल’ याच्याच पैजा लावतात. सेल्फीवाल्यांना मात्र याचं सोयरसुतक नसतं.

पुढे दिल्लीतच पंजाबी बाग या भागात ‘भारत दर्शन’ उद्यान झालं. तिथे आपलं गेट वे ऑफ इंडियाही भंगारातून घडवलं आहे.

आपल्याकडे काय होतं? चौकाचौकांत फायबरचे मोर, हरणं बसतात. दोन पावसाळ्यांत रंग उडतो. दुसरीकडे पालिकांच्या गोदामांत मोडक्या घंटागाड्या, झोपाळे, दिव्यांचे खांब गंजत पडतात आणि शेवटी किलोच्या भावाने लिलावात जातात. त्यातला थोडा माल वेल्डिंग जाणणाऱ्या स्थानिक कारागिरांना आणि कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना द्यावा. आयफेल टॉवर नको, रायगडाचा महादरवाजा किंवा दौलताबादचा चांदमिनार करा. शेजारी कोणत्या वस्तू वापरल्या, याची पाटी हवी. आणि गंजरोधक रंगाची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवी, उद्घाटनापुरती नव्हे.

– एक वाचक, ठाणे