नर्सरीत ज्याचं कौतुक होतं तेच तणाचं लक्षण

संपादक साहेब,

बाहेरच्या देशातून रोप किंवा बी येतं तेव्हा बऱ्याच ठिकाणी तपासतात काय, तर मुळाला माती आहे का, कीड आहे का, बुरशी आहे का. ते झाडच उद्या सगळीकडे माजेल का हे बघायचं राहूनच जातं.

माझाच उद्योग सांगते. वेडेलिया लावली होती, पिवळी फुलं, जमीन झाकते, पाणी कमी, आणि नर्सरीवाला म्हणाला बी फारसं धरत नाही, टेन्शन नाही. ते खरंच होतं हो. पण मी छाटलेल्या काड्या कुंपणापलीकडे टाकल्या आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटून पुढच्या पावसाळ्यात नुसती हिरवी चटई, खालचं गवतसुद्धा गायब! नंतर कळलं की जगातल्या सर्वात वाईट १०० घुसखोर प्रजातींच्या आययूसीएनच्या (निसर्ग जपण्यासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत ती आहे.

ऑस्ट्रेलियात १९९७ पासून नवीन झाड आणायचं तर ४९ प्रश्नांची चाचणी आहे. दुसऱ्या देशात ते तण झालंय का, हवामान जुळतं का, बी पक्ष्यांमार्फत पसरतं का, तुकड्यापासून उगवतं का, जनावरं तोंड लावतात का वगैरे. तणाची लक्षणं जितकी जास्त तितके गुण जास्त, आणि गुण सहाच्या वर गेले की नो एन्ट्री, एक ते सहा असतील तर अजून तपासा. त्यांना हे उगाच नाही सुचलं, निवडुंगानं तिथे १९२० च्या दशकात जवळपास २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती, शेवटी १९२६ मध्ये अर्जेंटिनातल्या पतंगाची अंडी सोडली आणि त्याच्या अळ्यांनी निवडुंग खाल्ला तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

गंमत बघा, भरभर वाढतं, काळजी नको, कीड लागत नाही, हे सगळं आपण कौतुकानं ऐकतो आणि चाचणीत नेमके त्याचेच गुण वाढतात.

अशा चाचणीत कधीकधी निरुपद्रवी झाडंही अडकतात, मान्य. पण काही झाडं कित्येक वर्षं गुपचूप बसतात आणि मग एकदम पसरतात, त्यामुळे "इतकी वर्षं काही झालं नाही" याला फारसा अर्थ नाही.

निदान ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटावर तरी "इतरत्र तण म्हणून नोंद आहे" एवढं छापायला लावा. माझी वेडेलिया मी अजून उपटतेच आहे.

आपली एक वाचक