डायनोसॉरच्या काळात उंदीर नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला दख्खनच्या कातळातल्या जीवाश्मांवरचा लेख वाचून मनापासून आनंद झाला. सोलापुरात विहीर खणताना लागणाऱ्या काळ्या दगडाबद्दल एवढं प्रेमाने कोणी लिहीत नाही. पण चौकटीतलं एक वाक्य दोन दिवस डाचत राहिलं: 'डायनोसॉरच्या पायांतून उंदीर पळत होते, त्यांचे दात तेलंगणात सापडले.' मी तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. अशा चौकटी मुलं कापून वहीत चिकटवतात, म्हणून लिहिते आहे.

ती जागा म्हणजे विकाराबाद जिल्ह्यातलं नासकल. हैदराबादला जाताना आपली गाडी विकाराबादवरूनच जाते. लाव्हाच्या थरांमध्ये साचलेल्या गाळात तिथे इवल्याशा दाढा मिळाल्या. प्रसाद आणि साहनी या आपल्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली त्या प्राण्याला नाव दिलं 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी'. त्यातला हिस्लॉप म्हणजे नागपूर परिसरात जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप. प्राणी लहानसा होता हे खरं, पण तो उंदीर नव्हे. त्याच्या दाढा टोकदार, किडे फोडून खाणाऱ्याच्या, चिचुंदरीच्या दाढांची आठवण करून देणाऱ्या. आणि चिचुंदरीलासुद्धा आपण उंदीर समजून झाडू उगारतो, तीही कुरतडणाऱ्यांच्या कुळातली नाही!

उंदीर ओळखायचा तो पटाशीच्या दातांवरून. वर दोन, खाली दोन, जन्मभर वाढत राहणारे. एनॅमलचा कठीण थर फक्त पुढच्या बाजूला असतो. मागची बाजू लवकर झिजते आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप राहते. सुळे नसतातच. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसती मोकळी हिरडी.

बार्शीकडे आमच्या शेताजवळच्या पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडं राहायची. न पचलेली हाडं आणि केस ती गोळा करून ओकतात. ते गोळे मी वर्गातल्या मुलींना कोमट पाण्यात भिजवून सोडवायला लावायची. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, या कवटीत मोकळी जागाच नाहीये, दात सलग आहेत." ती चिचुंदरीची कवटी होती. मला तिला काही सांगावं लागलं नाही, याचा आनंद मला आजही आहे. जीवाश्म शोधणारेही असंच करतात: पोती भरभरून गाळ आणायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा निवडायचं.

डायनोसॉर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. खात्रीने कृंतकांचे, म्हणजे उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचे, म्हणता येतील असे सर्वांत जुने दात उत्तर अमेरिकेत मिळाले, तेही सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत. म्हणजे मध्ये जवळजवळ एक कोटी वर्षांचं अंतर आहे. त्यांच्या अगदी जवळच्या नातलगांचे जबडे मात्र चीनमध्ये त्याहून जुन्या खडकांत आहेत, म्हणून या कुळाचं मूळ आशियात असावं असं बरेच अभ्यासक मानतात. ससा कृंतक नाही, पण या कुळाचा सर्वांत जवळचा भाऊबंद तोच. आपल्या देशात सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीचे कृंतक सापडले आहेत.

घरातल्या उंदराची कथा त्याहून अलीकडची, आणि मला विचाराल तर सर्वांत सुंदर. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवालिकचे थर एकावर एक आहेत. तिथे सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीचा 'अँटेमस' हा आदिम उंदीर मिळतो. त्याच्या वरच्या थरांत चढत जावं तसे दाढेवरचे उंचवटे जोडले जाऊन आडव्या रांगा होताना दिसतात, अगदी आजच्या उंदरासारख्या. घरचा छोटा उंदीर आणि मोठा उंदीर यांच्या वाटा वेगळ्या झाल्याचा काळ याच दाढांवरून सुमारे १.२ कोटी वर्षं धरला गेला. डीएनएमधल्या बदलांचा वेग मोजायला जगभरच्या प्रयोगशाळांनी कित्येक वर्षं तोच आकडा वापरला.

पुढच्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी, आणि शक्य झाल्यास उंदीर व चिचुंदरी यांच्या जबड्यांची छायाचित्रं शेजारी शेजारी द्यावीत. घुबडाच्या गोळ्यांतून निघालेले जबडे माझ्याकडे बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. आपले छायाचित्रकार केव्हाही येऊ शकतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर