माझ्या देशाच्या टपालखात्याकडून काकांना

प्रिय काका,

पहिल्या मेलमध्ये मी तुम्हाला 'आदरणीय सर' लिहिलं होतं आणि तुमचं उत्तर आलं की सर बिर नको, काका म्हण, आणि फोटो परत काढून पाठव, नाण्याची कड दिसत नाहीये. त्याला दोन वर्षं झाली. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं कारण दरवेळी काहीतरी नवीन विचारायचंच असायचं. आज विचारायचं काही नाहीये (एकच आहे, शेवटी लिहितो), म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकू.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मायक्रोनेशन म्हणजे कुणीतरी एकट्या दुकट्याने जाहीर केलेला देश, ज्याला दुसरा कुठलाही देश मानत नाही. झेंडा असतो, राजा नाहीतर राष्ट्राध्यक्ष असतो, आणि बहुतेक वेळा तिकिटं आणि नाणी असतात. मी ती जमवतो. आणि आता बनवतो पण, त्यात हात आहे तो काकांचा.

तर ते पहिलं नाणं. सीलँडचं होतं. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यासमोर समुद्रात दुसऱ्या महायुद्धात बांधलेला एक तोफांचा मनोरा आहे, दोन जाडजूड खांब आणि वर एक डेक, बस. पॅडी रॉय बेट्सने 1967 मध्ये तिथे देश जाहीर केला, 1969 पासून तिकिटं काढली आणि 1972 पासून नाणी. मला ते विकणाऱ्याने 'अधिकृत चलन, अतिशय दुर्मिळ' असं सांगून विकलं होतं आणि मी भाबडेपणाने त्याला सांगेल ती किंमत दिली. नंतर एकाने सांगितलं की हे खोटं नाणं आहे. दोन दिवस झोप नाही. मग तुम्हाला मेल केली आणि तुम्ही जे लिहिलंत ते मी प्रिंट काढून अल्बमच्या पहिल्या पानात ठेवलंय: "खोटं नाणं हे खऱ्याची नक्कल असतं. हे कुणाची नक्कल आहे ते सांग. कुणाचीच नाही ना? मग हे खोटं नाही, काल्पनिक आहे. तुला फसवलं ते नाण्याने नाही, विकणाऱ्याच्या विशेषणांनी."

मग तुम्ही सांगितलंत की अशा नाण्यांची नोंद वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते, नंबराच्या आधी एक्स लावतात, आणि तिकिटांच्या बाजूला याच जातीला सिंड्रेला म्हणतात, म्हणजे दिसायला तिकीट पण सरकारी टपालखात्याचं नाही ते सगळं. घरात राबणारी पण समारंभाला न बोलावलेली, म्हणून ते नाव असणार असं आपलं मला वाटतं. इंग्लंडमध्ये सिंड्रेला गोळा करणाऱ्यांचा क्लब 1959 पासून आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, म्हणजे वेडे आपण एकटेच नाही.

त्यानंतर तुम्ही मला एकेक देश शिकवलात. रोझ आयलंड, जॉर्जिओ रोझा नावाच्या इटालियन इंजिनिअरने रिमिनीसमोर समुद्रात 400 चौरस मीटरचा प्लॅटफॉर्म उभारला, 1968 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, भाषा कुठली तर एस्पेरांतो (मुद्दाम बनवलेली आंतरराष्ट्रीय भाषा), तिकिटं पण काढली, आणि इटलीने दोन महिन्यांच्या आत ताबा घेतला आणि पुढच्या वर्षी सुरुंग लावून उडवून दिला. मिनर्व्हा, पॅसिफिकमधल्या पाण्याखाली जाणाऱ्या खडकांवर वाळू टाकून 1972 मध्ये केलेलं प्रजासत्ताक, जे टोंगाने त्याच वर्षी आपल्याकडे घेतलं, आणि त्याचं 35 डॉलरचं नाणं आहे 1973 सालचं. म्हणजे देश आधी गेला आणि नाणं मागून आलं! हे मला कळल्यावर मी तुम्हाला रात्री साडेअकराला मेसेज केला होता, तुम्ही उत्तर दिलंत, "म्हणूनच तर ते जमवायचं."

पण आभार मानायचेत ते या माहितीसाठी नाही खरं तर, माहिती कुठेही मिळते. तुम्ही मला एक प्रश्न विचारलात त्यासाठी.

झालं असं की मी पण देश काढला. गच्चीवर. (नाव इथे लिहीत नाही, अजून लाज वाटते.) दोन दिवसांत बारा तिकिटांचा सेट डिझाइन केला, पक्षी, फुलं, झेंडा, माझा स्वतःचा फोटो बाजूने काढलेला, मोठमोठे आकडे, आणि तुम्हाला पाठवला. मला वाटलं वा वा करतील. तुम्ही एकच ओळ लिहिलीत. "छान. तुझ्या देशात पत्र कोण, कुठून, कुठे नेतं?"

मला राग आला होता काका, आता सांगतो. काल्पनिक देशात पत्र कोण नेणार? चार दिवस मी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच लंडीची गोष्ट पाठवलीत.

लंडी हे ब्रिस्टल चॅनलमधलं छोटं बेट. ब्रिटिश पोस्टाने 1927 च्या शेवटी तिथलं ऑफिस बंद केलं, मग बेटाचा मालक मार्टिन कोल्स हार्मन स्वतःच टपाल मुख्य भूमीपर्यंत न्यायला लागला, आधी फुकट, आणि 1929 मध्ये त्या खर्चासाठी तिकिटं काढली. किंमत 'पफिन' मध्ये, बेटावरच्या त्या रंगीत चोचीच्या पक्ष्यावरून, एक पफिन म्हणजे एक पेनी. सोबत नाणी पण पाडली, एक पफिन आणि अर्धा पफिन, एका बाजूला स्वतःचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. नाण्यांवरून त्याच्यावर 1870 च्या नाणे कायद्याखाली खटला झाला आणि 5 पौंड दंड झाला. तिकिटं मात्र चालू राहिली, आजही निघतात. तुम्ही खाली लिहिलं होतंत की नाण्याने राजाच्या नाण्याची जागा घेतली म्हणून दंड बसला, आणि तिकिटाने कुणाची जागा घेतली नाही, एक काम केलं, म्हणून ते टिकलं. कायद्याच्या बाजूने हे इतकं सरळ नसेलही, पण माझ्या डोक्यात तेच बसलं.

मग मी आजूबाजूला बघितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये पत्रपेट्या खाली जिन्याशी आहेत आणि देश वर. मधल्या पायऱ्या माझी भाची रोज चारदा उगाचच चढते उतरते. झाली टपालखात्याची सोय! भाची पोस्टमास्तर जनरल. चलनाचं नाव 'पायरी'. पत्र वर आणायला एक पायरी, खाली न्यायला अर्धी, कारण उतरायला कमी त्रास होतो असं तिचंच म्हणणं. तुम्हाला कळवलं तर तुम्ही लिहिलंत, "उत्तम. आता आपली पायरी ओळखून नाणं काढ, सोन्याच्या मागे लागू नकोस." बारा तिकिटांचा सेट फाडून टाकला आणि दोनच ठेवली, एक आणि अर्धी. त्यावर माझा फोटो नाही, जिन्याच्या कठड्याचं चित्र आहे.

परफोरेशनचं, म्हणजे तिकिटांच्या कडेच्या भोकांचं, प्रकरण तर तुमच्याशिवाय झालंच नसतं. मी शिलाई मशीनमध्ये दोरा न घालता कागद चालवत होतो आणि तिकिटं फाटताना चिंध्या होत होत्या. तुम्ही विचारलंत टाक्याची लांबी किती ठेवलीयेस, मी म्हटलं माहीत नाही. तेव्हा तुम्ही हिशोब समजावलात की तिकिटांचे दाते 2 सेंटिमीटरमध्ये किती येतात ते मोजतात, म्हणजे टाका दीड मिलिमीटरचा ठेवला की साधारण 13 येतात, आणि ते खऱ्या तिकिटासारखं दिसतं. आणि चिंध्यांचं कारण वेगळंच निघालं, सुई कागद कापून बाहेर काढत नाही, नुसता बाजूला सारते, मागच्या बाजूला छोटे छोटे कंगोरे उभे राहतात, भिंगातून बघितल्यावर दिसले मला. उपाय काय तर मागून बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवायचा, आणि घडी पुढे मागे दोन्हीकडे घालून मगच फाडायचं. सोपं होतं! पण हे कुणी सांगितलं असतं मला? त्याच मेलमध्ये तुम्ही डोनाल्ड इव्हान्सबद्दल लिहिलंत, तो अमेरिकन चित्रकार जो न असलेल्या देशांची तिकिटं वॉटरकलरमध्ये रंगवत राहिला आणि दाते दाखवायला टाइपरायटरवर पूर्णविरामांच्या ओळी मारायचा. तो मेल वाचून मी मशीन बंद करून नुसता बसून राहिलो होतो थोडा वेळ.

नाण्याची फजिती तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांना सांगतो. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे घरगुती प्रकारात सगळ्यात सोपं, आणि शिसं अजिबात नको हे तुम्ही तीनदा लिहिलं होतं कारण नाणी भाचीच्या हातात असणार. साचा प्लास्टरचा. तो पूर्ण वाळवल्याशिवाय ओतू नकोस, आत पाणी राहिलं तर वाफ होऊन धातू उडतो, हे पण तुम्ही सांगितलं होतं आणि ते मी ऐकलं. साचा उलटा कोरायचा हे सांगायला मात्र तुम्ही विसरलात, किंवा तुम्हाला वाटलं असेल एवढं तर याला कळतंच. मी प्लास्टरमध्ये सरळ 'पायरी' कोरलं. नाणं बाहेर आलं, थंड झालं, शिरोरेषा वर जागच्या जागी, त्यामुळे पहिल्या नजरेला सगळं बरोबर वाटलं, आणि वाचायला गेलो तर वाचताच येईना. भाची म्हणाली मामा हे आरशात बरोबर दिसतंय. अशी सहा नाणी पाडली होती मी.

ती वितळवायला भांडं गॅसवर ठेवलं होतं आणि सहज तुम्हाला फोटो पाठवला. तुमचा फोन आला, पहिल्यांदाच आला, तोपर्यंत आपण फक्त लिहीतच होतो. "एकही वितळवू नकोस! पाच वर्षांनी सरळ नाणी कुणी विचारणार नाही, ही सहा विचारतील." गॅस बंद केला. ती सहा आता वेगळ्या पाकिटात आहेत, वर तारीख आणि 'चाचणी, उलटी' असं लिहून.

आणि हो, दोन्ही बाजू कशा जुळवायच्या ते, म्हणजे नाणं उजवीकडून डावीकडे फिरवलं की मागचं चित्र सरळ दिसायला हवं की वरून खाली फिरवल्यावर, ब्रिटिश नाणी पहिल्या पद्धतीची, अमेरिकन दुसऱ्या, यावर आपण जो एक आख्खा रविवार घालवला तो मला फार आवडला. मी पहिली पद्धत घेतली. तुम्हाला दुसरी हवी होती, सॉरी.

तुम्ही सांगितलेले नियम पाळतोय. नाण्याचा आकार कुठल्याही चालू नाण्याच्या जवळपास नाही, वर साल आहे, 'चलन' हा शब्द कुठे नाही. कुणी मागितलं तर देतो पण 'दुर्मिळ' म्हणत नाही. तिकीट खऱ्या तिकिटाच्या जागी कधीच लावत नाही.

यासोबत एक पाकीट पाठवलंय. समोर उजवीकडे पोस्टाचं रीतसर तिकीट आहे, आणि माझं मागे, लंडीची सुरुवातीला लावायला लागायची तसं. अर्धी पायरीचं आहे, कारण ते खाली उतरलं. शिक्का भाचीने मारलाय, थोडा वाकडा, तारीख वाचता येते. आत सहापैकी एक उलटं नाणं आहे, तुमच्यासाठी. राहिला तो प्रश्न: दाते मोजून सांगा ना, मला एका बाजूला 13 आणि दुसऱ्या बाजूला साडेबारा येतायत, हे माझं मोजणं चुकतंय की मशीनच तसं चालतंय?

तुमचा,
गच्चीवरचा राष्ट्राध्यक्ष
(आणि पोस्टमास्तर जनरलचा नमस्कार)