भरपाई नाकारताना शिक्षा कशाची, हे तरी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमध्ये हिंसक गुन्ह्यात जखमी झालेल्यांना सरकार भरपाई देते. जबर इजेला ही रक्कम ५ लाख पौंडांपर्यंत जाऊ शकते. पण अर्जदारालाच पूर्वी शिक्षा झालेली असेल, तर २०१२ च्या योजनेचे परिशिष्ट ‘डी’ आडवे येते. अर्जाच्या तारखेला तुरुंगवासाची किंवा कम्युनिटी ऑर्डरची (तुरुंगाऐवजी समाजसेवेसारख्या अटींची) शिक्षा ‘अनस्पेंट’, म्हणजे कायद्याच्या हिशेबी अजून न मिटलेली असली, की भरपाई नाहीच. त्याहून हलक्या शिक्षेत रक्कम कापायची की सगळीच नाकारायची, एवढे तरी अधिकाऱ्याच्या हाती असते. तुरुंगवासात तेही नाही.

खरी मेख तारखांत आहे. समजा, १ मार्च २०२२ रोजी एकाला १८ महिन्यांची शिक्षा झाली. निम्मी भोगून तो सुटला, तरी मोजायची ती सुनावलेली पूर्ण शिक्षा, म्हणजे ऑगस्ट २०२३ अखेरपर्यंत. एक ते चार वर्षांच्या शिक्षेला पुढे आणखी ४ वर्षे धरतात. झाला ऑगस्ट २०२७. आता त्याच्यावर जून २०२४ मध्ये चाकूहल्ला झाला, तर अर्जाची मुदत २ वर्षांची, म्हणजे जून २०२६ पर्यंतच. या दोन वर्षांत तो पात्र ठरेल असा एकही दिवस येत नाही. शिक्षा १० महिन्यांची असती तर पुढे फक्त १ वर्ष धरले असते आणि डिसेंबर २०२३ अखेर ती मिटली असती. चाकू तोच, जखम तीच. (हे आकडे इंग्लंड-वेल्समधले, २८ ऑक्टोबर २०२३ पासूनचे आहेत. जुने तक्ते पाहून हिशेब केला तर तो हमखास चुकतो.)

शिक्षा कशाबद्दल झाली आणि तिचा या जखमेशी संबंध काय, हे कुणी विचारतच नाही. परदेशातली शिक्षाही आडवी येते. मानवी तस्करीचे बळी ठरलेल्या दोन लिथुआनियन जुळ्या भावांना मायदेशातल्या चोरी-घरफोडीच्या शिक्षांपायी भरपाई नाकारली गेली आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही नियम उचलून धरला. इंग्लंड-वेल्समधल्या बाललैंगिक अत्याचारांच्या स्वतंत्र चौकशीच्या २०२२ च्या अंतिम अहवालाने मात्र सुचवले होते की, पीडिताचा गुन्हा त्याच्यावरील अत्याचारातूनच घडला असण्याची शक्यता असेल, तर अर्ज आपोआप बाद करू नये.

करदात्यांचा पैसा सराईत गुंडाला का द्यावा, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यासाठी दार सरसकट बंद करायची गरज नव्हती. २०१२ पूर्वी तुरुंगवासाच्या प्रकरणातही तारतम्याला वाव होता. तोच परत आणावा.

सध्या नकार आला तर ५६ दिवसांत फेरविचार मागता येतो. तुरुंगवासाची शिक्षा असेल, तर त्या अर्जात परिस्थितीचे वर्णन करून उपयोग नाही. शिक्षा मिटल्याची तारीख अधिकाऱ्यांनी चुकीची धरली आहे का, ते आधी तपासावे.

– एक वाचक