चि. मुग्धास, उद्यान एक्सप्रेस सुटल्यावर

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

गाडी सोलापूरला पोचल्याचा तुझा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. असू दे. नळ स्टॉपपासून स्टेशनपर्यंत तू रिक्षात एक शब्द बोलली नाहीस. मीही गप्प बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर पुन्हा तेच निघालं असतं.

आधी माफी मागतो. तुझी पर्स मी न विचारता उघडली. तुझ्या नैराश्यावरच्या औषधाच्या दहाच्या पट्टीत आठ गोळ्या तशाच होत्या, आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं दुकानाचं बिल तीन आठवड्यांपूर्वीचं. "बाबा, तू माझ्यावर पहारा ठेवतोस," असं तू म्हणालीस. ठेवतो. पण का, ते तुला पूर्ण माहीत नाही. नानाच्या गोळ्या दिवाळीच्या आवराआवरीत गादीखाली सापडल्या, त्या मला सापडल्या होत्या. वर्तमानपत्राच्या तुकड्यात एकेक करून जमवलेल्या. बरं वाटतंय म्हणून त्याने कुणाला न सांगता सोडल्या होत्या. मी ती पुडी पाहिली आणि होती तिथेच ठेवून दिली. सणाच्या तोंडावर घरात वाद नको म्हणून. तुझ्या आजीलाही हे मी कधी सांगितलं नाही. पुढचं सगळं तुला ठाऊक आहे.

हे लिहायचं नव्हतं. तुझ्या त्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे सजगतेच्या ध्यानाच्या, शिकवणीबद्दल लिहायला बसलो होतो. मी तिच्या विरोधात आहे असा तुझा समज झालाय, तो मला काढायचाय.

गुरुवारी दुपारी तू हॉलमध्ये चटईवर डोळे मिटून पडली होतीस. मी बाजारातून आलो आणि तुला तसं पाहून माझ्या पोटात गोळाच आला. हाक मारली तर तू शांतपणे म्हणालीस, "बाबा, डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आलेय, थांब." नंतर तू समजावलंस की एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, जे जाणवेल ते जाणवू द्यायचं. मन भटकणारच. भटकलं की त्याला न रागावता परत आणायचं. हे 'न रागावता' तू दोनदा म्हणालीस. लहानपणी गणित चुकलं की पाटीवर डोकं आपटून घेणारी तू, आणि तुझ्या तोंडून हे ऐकलं! मी आत जाऊन चष्मा पुसला.

आणि तो बेदाणा. तू माझ्या तळहातावर एकच ठेवलास आणि म्हणालीस, कधी पाहिलाच नाही असा बघ. मी सरळ तोंडात टाकला, तुझा चेहरा उतरला. आज तू गेल्यावर डब्यातून एक काढून बसलो. त्याच्या सुरकुत्यांत उजेड अडकतो, एका टोकाला देठाचा बारीक खळगा असतो. कानाशी धरून दाबला तर चिकट असा आवाज येतो. दातांखाली फुटेपर्यंत गोडी लागत नाही, आणि मग एकदम सगळं तोंड भरतं. अडुसष्ट वर्षांत शिऱ्यातून किती खाल्ले असतील! तेवढा वेळ माझ्या डोक्यात पट्टी नव्हती. नंतर परत आली.

तू पाठवलेले दोन्ही अभ्यास मी शेजारच्या ओंकारकडून छापून घेतले आणि शब्दकोश घेऊन वाचले. २०१५ सालचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला तुझा आवडता. इंग्लंडमधली ४२४ माणसं, सगळ्यांना नैराश्य तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलेलं. निम्म्यांनी औषध चालू ठेवलं, निम्म्यांनी आठ आठवड्यांची ही सजगतेची थेरपी घेतली. दोन वर्षांत आजार उलटला तो थेरपीवाल्यांत ४४ टक्क्यांना, औषधवाल्यांत ४७ टक्क्यांना. तू म्हणालीस, बघ, सारखंच आहे. आहे, आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण बाळा, थेरपीवाल्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मदत घेत, हळूहळू कमी केल्या होत्या. कुणी त्या पर्समध्ये ठेवून दिल्या नव्हत्या. आणि दोन्हीकडे जवळजवळ निम्म्यांना ते पुन्हा आलंच. हा आकडा मी रात्री दोनदा उठून वाचला.

दुसरा २०२२ चा, चिंतेच्या आजारावरचा. २७६ जण, एकीकडे शिकवणी, दुसरीकडे एसिटालोप्राम, म्हणजे तुझीच गोळी. आठ आठवड्यांनी चिंता दोन्हीकडे साधारण सारखीच उतरली. छान आहे. पण तिथेही एकेका माणसाला दोहोंतलं एक ठरवून दिलं होतं. चालू गोळी मनाने सोडून काय होतं, ते त्यात कुणी तपासलेलंच नाही.

तू सांगितलंस की हे १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या इस्पितळात जॉन कबात-झिन यांनी सुरू केलं, ज्यांचं दुखणं औषधांनी हटत नव्हतं अशांसाठी. मग त्यात 'औषध की ध्यान' असं भांडण कुठे आहे? एसिटालोप्राम एकदम सोडलं की चक्कर येते, झोप उडते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, चिडचिड होते. परवा पायऱ्यांवर तू भिंत धरलीस, ते मी पाहिलं. उन्हामुळे झालं म्हणालीस.

पुन्हा तिथेच आलो. व्याख्यान झालं, माफ कर.

गणपतीत सगळ्या आत्यांसमोर तू आरतीनंतर सरळ सांगितलंस, "मला नैराश्याचा आजार आहे, मी औषध घेते." सुमाआत्याच्या हातातलं मोदकाचं ताट तसंच राहिलं. मला वाटलं, आपल्या घरात हे इतक्या मोठ्याने पहिल्यांदा कुणी बोललं. नानाला असं बोलता आलं असतं तर! तुझा मला किती अभिमान वाटला ते त्या दिवशी सांगायचं राहून गेलं, आणि आज सांगतोय ते भांडण झाल्यावर.

गोळ्या नको असतील तर नकोत. वजन वाढतंय, सकाळी जड वाटतं, हे तू म्हणालीस आणि मी ऐकून घेतलं नाही. ते डॉक्टरांना सांग. कमी करायच्या तर किती दिवसांत, कशा, ते त्यांना ठरवू दे. शिकवणीच्या बाईंनाही सांग की मधल्या काळात तू गोळ्या सोडल्यास. त्यांना ते माहीत असायला हवं. आणि रात्री-अपरात्री जड झालं तर मला फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलतात. नंबर मी आपल्या फ्रिजवरही लावलाय.

पर्स पुन्हा उघडणार नाही. गोळ्या घेतल्यास का, हेही रोज विचारणार नाही, प्रयत्न करीन. डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली, तेवढं कळव. आईच्या फोनवर कळवलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. मेतकुटाच्या डब्याखाली बेदाण्याची पुडी ठेवली आहे. आईला वाटलं, खिरीसाठी दिलीय.